काळ्या धोंडीपासून तीस हात

जयराम डोर्लेकर मला 'बहुधाशास्त्री' म्हणतो. माझं खरं नाव अच्युत करंबेळकर. बेचाळीस वर्षांपूर्वी टेलिफोन खात्यानं मला वेळशीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, मायक्रोवेव्ह स्टेशनवर पाठवलं. पहिल्याच दिवशी मी तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, खाडी ओलांडत होतो, तेव्हा सुकाणूवर उभ्या असलेल्या या माझ्याच वयाच्या तांडेलानं विचारलं, "काय साहेब, आज तरी पलीकडे फोन लागेल काय?" मी म्हणालो, "बहुधा." तो इतका हसला की तर वाकडी झाली. तेव्हापासून हे नाव.

खात्याची नोकरी संपली, स्टेशन बंद झालं. मी मात्र वेळशीतच राहिलो. परत जावं असं कुठे कोणी उरलं नव्हतं, आणि पलीकडे कातळवाडीला एक जुनं वाचनालय होतं. दुपारी तीनच्या तरीनं जायचं, दोन तास वाचायचं, पाच-चाळीसच्या तरीनं परत यायचं. मी सुकाणूच्या डाव्या हाताला असलेल्या फळीवर बसतो. मी चढताना आवाज होत नाही, बसताना फळीही कुरकुरत नाही. मग तर अर्ध्या खाडीत आल्यावर जयराम दचकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "आलास कधी रे मेल्या? मांजर बरं तुझ्यापेक्षा, शेपटी तरी पायाला लागते."

लोक हसतात. मीही हसतो. बेचाळीस वर्षांचा विनोद आहे, त्याला कोण कशाला हात लावेल?

*

चार वर्षांपूर्वी सड्यावर पुन्हा टॉवर उभा राहिला, आणि त्याच्या समोर कातळवाडीच्या टेकडीवर दुसरा. कातळवाडीच्या बाजूची अकरा गावं आता या दोन टॉवरांमधल्या हवेच्या धाग्यावर लटकलेली आहेत: दवाखाना, शाळा, बँक, सगळं. कंपनीला टॉवरच्या किल्ल्या सांभाळायला आणि रोज एकदा आकडे बघायला स्थानिक माणूस हवा होता. मला वाटलं, हे नवं तंत्र मला झेपणार नाही. तसं मी सांगितलंही. पुण्याहून आलेली इंजिनिअर मुलगी, ऋतुजा धायगुडे, म्हणाली, "काका, झेपेल म्हणणारे चार जण येऊन गेले. त्यांना नाही झेपलं." त्यामुळे मी राहिलो.

इथे थोडं विज्ञान सांगितलं पाहिजे. चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

एका टॉवरवरून निघालेली रेडिओलहर दुसऱ्यावर एकाच वाटेनं पोचत नाही. एक वाट सरळ, हवेतून. दुसरी खाली उतरते, खाडीच्या पाण्यावर आपटते आणि उसळून वर जाते. दोन्ही लहरी पोचल्यावर एकमेकींच्या सुरात असल्या तर आवाज वाढतो. एक वर असताना दुसरी खाली असली तर दोघी मिळून जवळजवळ शून्य. या लहरीची लांबी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. पाणी थोडंसं उतरलं तरी खालची वाट बदलते, आणि सूर जुळतो किंवा बिघडतो. एका ओहोटीत हे पंधरा-सोळा वेळा होतं. त्यात वारा, लाटा, बगळ्यांचे थवे, आणि सर्वांत मोठी म्हणजे जयरामची तर. तिचं पत्र्याचं छप्पर म्हणजे पाण्यावरून सरकणारा आरसाच. त्यावरून तिसरी वाट तयार होते.

थोडक्यात, दोन टॉवरांमधला रस्ता क्षणाक्षणाला बदलतो. पूर्वीची यंत्रं तो रस्ता मोजायची आणि मग त्याप्रमाणे वागायची. पण मोजून होईपर्यंत रस्ता बदललेला असायचा. त्यांना मिळायची ती नेहमी शिळी बातमी. नवीन कल्पना अशी, की बातमीची वाट बघायचीच नाही. रस्ता पुढच्या क्षणी कसा असेल, पुढच्या तासाला, उद्या दुपारी कसा असेल, ते आधीच ओळखायचं. ही ओळखणारी यंत्रणा प्रत्येक टॉवरवर बसली. तिचं नाव 'अदमास'.

मला अदमासचं फार कुतूहल वाटलं. खात्यात असताना मी भरती-ओहोटीचा हिशेब जयरामकडून शिकलो होतो: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अदमासला तिथी माहीत नव्हती, चंद्र माहीत नव्हता. पण पहिल्या दोन महिन्यांत त्यानं नुसत्या सिग्नलच्या चढउतारावरून पाऊणपट शोधून काढली. मग वारा शोधला. मग बगळे. आणि मग, तरीचा अंदाज बांधायचा म्हणून, त्याला जयराम शोधावा लागला. तर सुटायच्या वेळेला जयराम किती थांबतो, आठवड्याच्या बाजाराला किती जास्त थांबतो, मधल्या काळ्या धोंडीला किती हात लांबून वळसा घालतो, सगळं. जयराम कधी टॉवरवर आला नव्हता, आणि टॉवरला तो पाठ होता.

अदमास रोज दिवसभराच्या चुका घेऊन बसतो आणि स्वतःला दुरुस्त करतो. कालचं टाकून आजचं शिकतो. मला याचीच भीती वाटली. मी ऋतुजाला फोन केला.

"याची आजची एक प्रत तशीच ठेवता येईल का? न शिकणारी. बाजूला नुसती चालू."

"कशाला काका?"

"म्हणजे... मला वाटतं मला हे कळलंय. पण बहुधा कळलेलं नसेल. जुनं शेजारी असलं की ताडून बघता येतं."

ती हसली, पण तिनं प्रत ठेवून दिली. तो गेल्या नारळी पौर्णिमेचा दिवस होता. गावातली मंडळी समुद्राला नारळ देऊन आली होती, खाडीत होड्या सजल्या होत्या. म्हणून त्या प्रतीला मी 'पौर्णिमा' म्हणायला लागलो.

*

चैत्रात ऋतुजाचा फोन आला. "काका, अभिनंदन! अदमासची चूक सगळ्या जिल्ह्यात तुमच्या टॉवरवर सर्वांत कमी."

त्याच दुपारी मी पौर्णिमेकडे बघितलं, तर तिची चूक वाढलेली होती. थोडीथोडकी नाही, चौपट.

माझा पहिला संशय स्वतःवर गेला. मी कुठलं तरी बटण दाबलं असणार. दोन दिवस मी सगळी बटणं तपासली. मग संशय पाऊणपटीवर. चूक पाण्याच्या उंचीमुळे असेल तर ती पंधरवड्यातून एकदा वाढेल, एकदा कमी होईल. मी पूर्ण पंधरवडा वहीत आकडे लिहिले. तिथी पौर्णिमेची असो की अष्टमीची, चूक तेवढीच. मग मला वाटलं, खाडीत गाळ साचून नवं भाट झालं असेल, आणि तर ते चुकवायला वाट बदलत असेल. हे विचारायला माणूस होता.

"जयराम, खाडीत कुठे नवीन भाट आलंय का रे?"

"नाय. का?"

"काही नाही. सहज."

"तू सहज काय विचारत नायस. बेचाळीस वर्षांत सहज विचारलेलं मी ऐकलं नाय." तो समोर पाहत म्हणाला. त्याची सून प्रणाली तिकिटं फाडत होती. तिच्याकडे लाँच चालवायचा परवाना आहे, पण जयराम सुकाणूला हात लावू देत नाही. ती मला म्हणाली, "आप्पा, मामांना विचारू नका काही. हल्ली सगळ्याचा राग येतो. काल चहाचा कप शेजारी ठेवला, तर कोपरानं उडवला आणि वर मलाच विचारतात, इथे कप कुणी ठेवला."

"कप ठेवायची जागा हाय काय ती?" जयराम म्हणाला.

"रोज तिथेच ठेवते, मामा."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला कपाशी काय करायचं होतं? मी भाटाचा विचार करत होतो.

घरी येऊन मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. जाणाऱ्या फेऱ्या आणि येणाऱ्या फेऱ्या वेगळ्या केल्या. भाट असेल, तर दोन्ही वेळा तर एकाच अंगाला सरकेल. भाट काही जागा बदलत नाही. मी दोन रेषा काढल्या. पौर्णिमेच्या अंदाजात जायची आणि यायची वाट जवळजवळ एकच होती. आताच्या मोजणीत जाणारी रेषा समुद्राच्या बाजूला फुगली होती आणि येणारी डोंगराच्या बाजूला. दोन्ही मिळून अर्धवट उघडलेल्या शिंपल्यासारखा आकार झाला होता.

म्हणजे तर जाताना तिच्या उजवीकडे सरकत होती, आणि येतानाही तिच्या उजवीकडेच. पाण्याला उजवं-डावं नसतं. उजवं-डावं माणसाला असतं.

डावी बाजू ज्याला दिसत नाही, तो डावीकडून लांब राहतो. अंधारात भिंत असावी असं वाटलं की आपण सरकतो तसा. ठरवून नाही, शरीरच सरकतं. आणि हे इतकं हळू झालं होतं, दिवसाला बोटभर, की अदमासनं रोज ते शिकून घेतलं होतं. त्याच्या दृष्टीनं काही बिघडलंच नव्हतं. त्याची चूक जिल्ह्यात सर्वांत कमी होती.

*

आता काळी धोंड. खाडीच्या मध्यावर हा खडक आहे, त्यावर लोखंडी खांब. येताना तो उजव्या हाताला राहतो. खांब सर्वांना दिसतो. पण धोंडीची शेपटी पाण्याखाली आहे, आणि ती खांबापासून तरीच्या वाटेकडे पसरत येते. पौर्णिमेच्या हिशेबानं जयराम त्या शेपटीपासून तीस हात लांबून जायचा. आता तो बारा हातांवरून जात होता. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला शेपटीचा आणखी दहा हात भाग तरीच्या तळाला लागेल इतका वर येतो. उरले दोन हात. आणि फेरी-फेरीत तर तीन हात इकडे-तिकडे होतेच.

अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमाराला. पाच-चाळीसची तर: कातळवाडीच्या कॉलेजच्या मुली, बाजार करून परतणाऱ्या बायका, दवाखान्यात जाऊन आलेली म्हातारी माणसं. चाळीस-पन्नास जण.

त्या दिवशी षष्ठी होती. नऊ दिवस होते.

मी ऋतुजाला फोन केला. मी पाठवलेली आकृती तिनं तिच्या पडद्यावर उघडली.

"काका, हे मी बघितलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कायदा आहे. सिग्नलमधून माणसाबद्दल काही वाचायचं नाही. त्याची चाल, त्याचं आजारपण, तो कुणाकडे जातो. अहो, यातून सगळंच वाचता येतं, म्हणून तर कायदा झाला. कंपनीनं हे बंदर खात्याला कळवलं तर उद्या दुसरी कंपनी कुणाच्याही घरात डोकावेल. प्रत पण खरं म्हणजे पुसायला पाहिजे."

"पण तर खडकावर गेली तर?"

"तुम्ही त्यांचे मित्र आहात ना? मित्राला कोणताच कायदा लागू नाही." मग ती हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला खात्री आहे?"

मी सवयीनं तोंड उघडलं, आणि तो एक शब्द ओठावर आला.

तिला काय सांगितलं ते आठवत नाही. पण नऊ दिवसांतले चार दिवस मी त्या शब्दापायी घालवले. मी माझ्या मित्राच्या डोळ्यात टॉवरवरून डोकावलो होतो, त्याला न विचारता. आणि ते चुकीचं निघालं तर? सत्तरीला आलेल्या तांडेलाला 'तू आंधळा होतोयस' म्हणायचं, तेही एका शिंपल्याच्या आकृतीवरून? खडूस म्हाताऱ्याचा हात जरा उजवीकडे ओढत असेल. सुकाणूचा दांडा झिजला असेल. मी सुकाणूबद्दलही प्रणालीला विचारलं. "गेल्याच महिन्यात नवीन बसवलंय की, आप्पा," ती म्हणाली.

दशमीला मी तीनच्या तरीवर चढलो आणि नेहमीच्या फळीवर बसलो. त्या दिवशी मी मुद्दाम पाय आपटत चढलो होतो. बसताना "हुश्श" असं मोठ्यानं म्हणालो. तिकीट फाडताना प्रणाली म्हणाली, "आप्पा, आज आवाज मोठा." इंजिन बॅटरीचं, त्याला घरघर नाही, बाजूच्या बायका मात्र मासळीच्या भावावरून तावातावानं बोलत होत्या. मी खिशातून आवळासुपारीची डबी काढली आणि जयरामच्या डाव्या हाताजवळ, वीतभर अंतरावर उघडी धरली. तो आवळासुपारीला कधी नाही म्हणत नाही.

त्यानं बघितलं नाही. मी डबी तशीच धरून राहिलो. वेळशीचा धक्का मागे पडला, खांब आला, गेला. माझा हात दुखायला लागला.

अर्ध्या खाडीनंतर त्यानं बगळ्यांकडे बघायला मान डावीकडे वळवली, आणि दचकला. "आलास कधी रे मेल्या?"

बायका हसल्या. मला हसता आलं नाही. हा विनोद कुठल्या महिन्यात खरा प्रश्न झाला, ते आम्हा दोघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. मी इतका गुपचूप चढणारा माणूस नसतो, तर कदाचित दिवाळीतच कळलं असतं.

*

एकादशीला सकाळची फेरी झाल्यावर मी त्याला टॉवरच्या खोलीवर चहाला बोलावलं. चार वर्षांत तो पहिल्यांदाच सड्यावर चढला. वाटेत त्यानं दोनदा दगडाला ठेच खाल्ली, दोन्ही वेळा डाव्या पायाला, आणि दोन्ही वेळा दगडाला शिव्या घातल्या.

मी बोलायचं पाठ केलं होतं. पहिलं वाक्य असं होतं, "जयराम, आपण आता लहान नाही." चहा झाला, खारी संपली, तरी ते वाक्य बाहेर आलं नाही. शेवटी मी पडदा चालू केला.

"हे काय?"

"खाडी. वरून बघितल्यासारखी. हा वेळशीचा धक्का, हा कातळवाडीचा. ही काळी धोंड. या दोन तरींच्या वाटा."

त्यानं खुर्ची पुढे ओढली, मान थोडी डावीकडे वळवून पडद्यावर झुकला. खाडी म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्यानं बोट पौर्णिमेच्या रेषेवर ठेवलं.

"हा तांडेल चांगला आहे," तो म्हणाला. "बघ, इथे भरतीची ओढ असते, तिथं आधीच तरीचं नाक दाबतो. धोंडीपासून... किती? तीस हात. शहाणा आहे. माझ्यासारखा."

"आणि हा?"

त्याचं बोट दुसऱ्या रेषेवर गेलं. जाताना फुगलेली, येताना फुगलेली. तो ती न्याहाळत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कोण गाढव? कुठल्या बंदरातला हा?" तो म्हणाला. "याला डावीकडची भीती आहे. बघ ना, डावी बाजू सोडून पळतोय, जाताना पण, येताना पण. आणि हे काय, शेपटीवरून चाललाय! अमावास्येला तर टेकवणार हा." त्यानं पडद्यावर बोटानं टकटक केलं. "अच्युता, असल्याच्या हातात सुकाणू देऊ नये. माणसं बुडवील."

खोलीत टॉवरच्या यंत्राचा गुणगुणता आवाज होता.

"तो तू आहेस," मी म्हणालो.

मी ते कसं बोललो, मला आजही कळत नाही. त्यात 'बहुधा' नव्हतं. तेही त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो हसला नाही, की चिडला नाही. त्यानं बोट मागे घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"आणि पहिला?"

"तोही तूच. गेल्या नारळी पौर्णिमेचा."

तो उठून खिडकीशी गेला. खाली खाडी दिसते तिथून. त्याची तर धक्क्याला बांधलेली होती. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. मग लक्षात आलं, आणि त्याच्या उजव्या बाजूला आलो.

"जयराम, काहीतरी चुकतंय हे मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं. मी माझीच चूक शोधत बसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तुला महिना," तो म्हणाला. "मला सात महिने." मग, "मला वाटलं धुकं आहे. एका बाजूला धुकं. तसलं असतं कधी? पण मी म्हटलं असतं धुकं, तर प्रणाली म्हणाली असती डॉक्टर. आणि डॉक्टर काय म्हणाला असता, ते मला माहीत होतं."

"काय?"

"'तांडेल, आता बसा.'" तो खाडीकडे बघत राहिला. "बेचाळीस वर्षं तू माझ्या डाव्या अंगाला बसतोस. तू नसशील असं नाय वाटत. म्हणून मी विचारायचो रे, आलास कधी. उत्तर मिळालं की बरं वाटायचं."

*

अमावास्येच्या पाच-चाळीसच्या तरीवर सुकाणूला प्रणाली होती. जयराम तिच्या शेजारी उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. खांब जवळ आला तशी ती आणखी डोंगरापासून लांब गेली. पाणी उतरलेलं होतं; शेपटीवर पांढरा फेस दिसत होता, एरवी कधी न दिसणारा.

"तेहेतीस हात तरी असतील," मी म्हणालो.

"भित्री आहे," जयराम म्हणाला. आणि मग, प्रणालीला ऐकू जाईल असं, "चांगलं आहे. तांडेल थोडा भित्रा पाहिजे."

"मामा, हात पुढे घ्या आता," ती समोरून नजर न हलवता म्हणाली. "कुणाला वाटेल मी तुम्हाला अटक केलीय."

रत्नागिरीच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्यातलं गेलं ते परत येणार नाही. उजव्यात सुरुवात आहे, थेंब नियमानं घातले तर ते तिथंच थांबवता येईल. प्रणाली रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालते आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ कुरकुरतो.

टॉवरवर वेगळीच गंमत झाली. पुढचा आठवडाभर अदमास जयरामचीच वाट बघत होता. प्रणाली वेळेवर सुटायची, आणि अदमास मानून चालायचा की तर अजून धक्क्यावर थांबली आहे, ओळखीच्या कुणासाठी तरी. ती धोंडीपासून लांब जायची, आणि त्याच्या हिशेबात एक न दिसणारी तर शेपटीवरून जात असायची. कातळवाडीच्या दवाखान्यात चित्र दोन-तीनदा अडखळलं. ऋतुजाचा फोन आला, "काका, आपण जिल्ह्यात एकदम नवव्या नंबरावर!" तिचा आवाज आनंदी होता. तिनं तरीबद्दल काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दहा-बारा दिवसांत अदमासनं जयरामला पुसून टाकलं आणि प्रणालीला पाठ केलं.

मग मी ऋतुजाला पौर्णिमेबद्दल विचारलं. नियमाप्रमाणे ती प्रत आता पुसायची होती. निदान ज्याची वाट तिच्यात आहे, त्याची परवानगी नसेल तर.

जयराम आता तीनच्या तरीवर उतारू म्हणून येतो. फळीवर माझ्या डाव्या हाताला बसतो, म्हणजे मी त्याला दिसतो. काल तर खांबाजवळ आली तेव्हा मी त्याला विचारलं.

प्रणालीनं शेपटीला लांबून वळसा घातला.

"त्या जुन्यात मी अजून तीस हातांवरून जातो?"

"हो."

"रोज?"

"रोज. सगळ्या फेऱ्या."

त्यानं माझ्या हातातल्या डबीतून आवळासुपारी उचलली, नेमकी, न चाचपडता.

"मग राहू दे त्याला," तो म्हणाला. "कुणी तरी सरळ जाऊ दे."